लिनक्सवर आईसाठी ब्राउझर कोणता? (कोल्हा, क्रोम की आणखी काही)

कंदीपेढा

नमस्कार मंडळी,

साताऱ्याला आईकडे २०१३ सालचा लॅपटॉप आहे. चौथ्या पिढीतला आय-थ्री, ४ जीबी रॅम आणि घरघर करणारी जुनी हार्डडिस्क. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबले आणि ११ काही त्यावर चढत नाही. म्हणून दिवाळीला गेलो तेव्हा विंडोजच्या जागी फुकट मिळणारं लिनक्स मिंट २२ टाकून आलो, एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपवालं. आईने फारशी कुरकुर केली नाही. "चित्रं बदलली, बाकी तेच आहे," एवढंच म्हणाली.

आता खरा प्रश्न. आईचा संगणक म्हणजे ब्राउझर. दुसरं ती काही उघडतच नाही. सकाळी ई-पेपर, दुपारी यूट्यूबवर कीर्तन, महिन्यातून दोनदा बँकेत पेन्शन जमा झाली का ते बघणं, रविवारी न्यू जर्सीला ताईशी व्हिडिओ कॉल. आणि हे संस्थळ. लिहीत नाही, पण वाचते सगळं, तेव्हा प्रतिसाद जरा जपून द्या.

मिंटबरोबर फायरफॉक्स (म्हणजे कोल्हा) आलाच आहे. भाचा म्हणतो क्रोम टाक आणि विषय संपव. ऑफिसातला एक जण म्हणतो ब्रेव्ह. दोघांचं ऐकून मी होतो तिथेच आहे. अनुभवी लोकांनी सांगावं.

खारेदाणे

जागा पकडली. आयडीला जागून दाणे घेऊन बसलोय.

बिनखिडकीवाला

आहे तो मिंटवरचा फायरफॉक्स ठेवा. आणि "मिंटवरचा" हे महत्त्वाचं आहे, कारण लिनक्सवर ब्राउझर कोणता याच्याइतकाच तो कुठल्या पुडक्यातून आला हा प्रश्न असतो.

मिंट ज्यावर बेतलंय त्या उबुंटूने २२.०४ पासून फायरफॉक्स फक्त स्नॅपमधून द्यायला सुरुवात केली. तुम्ही एप्टने (पॅकेज उतरवायची तिथली आज्ञा) मागितलात तरी मागच्या दाराने स्नॅपच येतो. स्नॅप म्हणजे प्रोग्रॅम स्वतःच्या डब्यात बंद. सुरक्षेला बरं, पण फिरत्या हार्डडिस्कवर पहिल्यांदा उघडायला वेळ घेतो, टेम्प फोल्डरमधली फाईल त्याला दिसत नाही, टिंबाने सुरू होणारे घरातले फोल्डर दिसत नाहीत. मिंटवाल्यांनी २०२० मध्येच स्नॅपला दारात उभं करायचं नाही असं ठरवलं. २०२२ च्या जानेवारीत त्यांचा फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाशी करार झाला, तेव्हापासून मिंटमध्ये मोझिलाने स्वतः बांधलेला फायरफॉक्स साध्या डेब पॅकेजमधून येतो. म्हणजे तुमच्या आईंच्या लॅपटॉपवर चांगलं पुडकं आधीच आहे.

उबुंटूवाल्यांसाठी: २०२४ च्या सुरुवातीपासून मोझिलाची स्वतःची एप्ट रिपॉझिटरी, म्हणजे पॅकेजांचं कोठार, आहे. ती जोडा, डेब मिळतो.

मुळशीकर

बिनखिडकीवाले, तुमचं पुडकंपुराण छान आहे, पण माऊलींना बँक उघडायची आहे. मी स्वतः वेबसाइटी बनवून पोट भरतो, तर आतली गोष्ट सांगतो. आमच्याकडे चाचणी क्रोमवर होते. मग वेळ उरला तर आयफोनवर. फायरफॉक्सवर कोणी तक्रार केली तर बघतात, आणि तक्रार करायला तिथे माणसं किती उरलीत?

क्रोम टाका. डेब फाईल उतरवली की ती आपली रिपॉझिटरी आपणच जोडून घेते, पुढचे अपडेट मिंटच्या अपडेट मॅनेजरमधूनच येतात. भाचा बरोबर बोलतोय.

तात्या_टर्मिनल

दोघेही बरोबर आणि दोघेही चुकताय. ४ जीबी आणि फिरती हार्डडिस्क असताना ब्राउझर बदलणं म्हणजे बैल म्हातारा झाला म्हणून गाडीला रंग देणं. आधी एसएसडी बसवा. रॅम संपली की मशीन उरलेलं सामान हार्डडिस्कवर ठेवायला, म्हणजे स्वॅप करायला लागतं, ती तबकडी फिरत बसते आणि माणूस शिव्या ब्राउझरला देतो. एसएसडी घातली, जमल्यास रॅम ८ केली, की क्रोम काय नि कोल्हा काय, दोन्ही पळतील.

तोवर एक सवय: मातोश्री टॅब बंद करतात का? आमच्या हिच्या लॅपटॉपवर परवा सदतीस टॅब मोजले. त्यातले अकरा एकाच पाककृतीचे.

आज्जीचा_बटवा

तात्या, पाककृती कोणती तेवढं सांगा. 😀

कंदीपेढा, माझं मत फायरफॉक्सला, आणि कारण वेगाचं नाही, जाहिरातींचं. माझ्या सासूबाई ७८ वर्षांच्या. ई-पेपर वाचताना मध्येच लाल चौकट यायची, "आपल्या संगणकात १२ व्हायरस सापडले, ताबडतोब या नंबरवर फोन करा". एकदा फोन लावलाही होता त्यांनी. नशीब, मी बाजूला भाजी निवडत होते म्हणून थांबवलं. त्या दिवशी यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन टाकलं आणि तेव्हापासून ती चौकट पाहिली नाही.

आता क्रोमने एक्स्टेन्शनचे नियम बदलले, मॅनिफेस्ट व्ही-थ्री म्हणतात ते. त्यात पूर्ण यूब्लॉक ओरिजिन बसत नाही म्हणून क्रोमवर ते बंद पडलं. फायरफॉक्सवर अजून पूर्ण चालतं. म्हाताऱ्या माणसाच्या संगणकावर जाहिरात अडवणं ही चैन नाही हो, दाराला कडी आहे ती.

मुळशीकर

बटवाताई, क्रोमवर यूब्लॉकची लाइट आवृत्ती चालते. नव्वद टक्के काम होतं.

आज्जीचा_बटवा

आणि व्हायरसची लाल चौकट उरलेल्या दहा टक्क्यांत निघाली तर?

मुळशीकर

😐 मुद्दा आहे. मग ब्रेव्ह. इंजिन, म्हणजे पान उभं करणारा आतला भाग, क्रोमचंच, त्यामुळे बँक रुसत नाही, आणि जाहिराती अडवणारी ढाल ब्राउझरच्या आतच बांधलेली आहे, एक्स्टेन्शनवर अवलंबून नाही. ब्रेंडन आइकने काढलेला, ज्याने जावास्क्रिप्ट जन्माला घातली आणि मोझिलाच्या स्थापनेतही होता तोच.

बिनखिडकीवाला

ब्रेव्ह वाईट नाही. पण पहिल्यांदा उघडला की क्रिप्टोचं पाकीट, बक्षिसांचे गुण, एआय मदतनीस, सगळं समोर मांडून ठेवतो. ते एकेक बंद करून मगच आईच्या हातात द्या, नाहीतर एखाद्या रविवारी फोन येईल, "अरे, हे बिटकॉइन माझ्याकडे कुठून आलं?"

शुद्धलेखक

मराठी संस्थळावर इतके प्रतिसाद झाले आणि एकानेही 'न्याहाळक' हा शब्द वापरला नाही याचे वाईट वाटते. ब्राउझरला न्याहाळक, टॅबला पान, डाउनलोडला उतरवणे, हे शब्द कुणी तरी वापरल्याशिवाय रुळणार कसे? तांत्रिक विषयाबद्दल कुतुहल असणाऱ्यांनी भाषेबद्दलही थोडे बाळगावे.

खारेदाणे

आमच्या घरात न्याहाळक मीच आहे. बायको म्हणते, काम शून्य, नुसता न्याहाळत बसतो. रॅमपण खूप खातो.

करवीर

मुळशीकर म्हणतात त्याला माझा दुसऱ्या बाजूने दुजोरा. मी छोटी कंत्राटं घेतो, ई-टेंडर भरावी लागतात. डिजिटल सहीचा यूएसबी टोकन असतो ना, पेन ड्राइव्हसारखा, त्यानेच सगळं अडतं.

लिनक्सवर तो टोकन ओळखायला लागतो हे मी स्वतः करून बघितलंय. टोकनवाल्या कंपनीची लिनक्सची फाईल मिळाली, फायरफॉक्सच्या सेटिंगमध्ये 'सिक्युरिटी डिव्हायसेस' म्हणून जागा आहे, तिथे ती जोडली, पासवर्ड विचारला, प्रमाणपत्र दिसलं. मी खुश. क्रोमला मात्र वेगळं शिकवावं लागतं, कारण लिनक्सवर क्रोमची प्रमाणपत्रं घरच्या फोल्डरातल्या लपलेल्या एका जागी असतात आणि फायरफॉक्सची त्याच्या प्रोफाइलमध्ये. एकाला सांगितलेलं दुसऱ्याच्या कानावर जात नाही. जावा-जावांसारखं.

एवढं सगळं झाल्यावर ते पोर्टल म्हणालं, सही करायला आमचा छोटा प्रोग्रॅम उतरवा. उतरवला. डॉट ईएक्सई. टेंडरची शेवटची तारीख संध्याकाळी ५ ला संपत होती, घड्याळात सव्वाचार. स्कूटर काढली आणि राजारामपुरीत मित्राच्या ऑफिसात जाऊन त्याच्या विंडोजवरून भरलं. तेव्हापासून एक विंडोजचा डबा फक्त सहीसाठी ठेवलाय, बाकी सगळं लिनक्स.

मावशींना टोकन लागत नसेल तर हा प्रश्न येणार नाही. बँकेला ओटीपी पुरतो.

बर्लिनकर

इथे सगळे लिनक्सबद्दलच बोलताय म्हणून बीएसडीच्या, म्हणजे युनिक्सच्या दुसऱ्या घराण्याच्या, गल्लीतून हात वर करतो. मी ओपनबीएसडी वापरतो. तिथे फायरफॉक्स आणि क्रोमियम (क्रोमचा मुक्त भाऊ) दोन्हींना 'प्लेज' आणि 'अनव्हील' लावलेलं असतं. मराठीत सांगायचं तर ब्राउझरला आधी शपथ घ्यावी लागते की मी एवढ्याच गोष्टी करीन, आणि घरातली एवढीच खोली बघीन. ती खोली म्हणजे डाउनलोड्स फोल्डर. दूरच्या संगणकात शिरायच्या माझ्या एसएसएच किल्ल्या, कागदपत्रं, फोटो, यातलं त्याला काही दिसतच नाही. शपथ मोडली की ऑपरेटिंग सिस्टीम त्याला तिथल्या तिथे मारते.

तोटा असा की बायकोला पासपोर्टच्या अर्जाला फोटो चढवायचा होता, आणि ब्राउझरच्या खिडकीत फोटोंचा फोल्डरच दिसेना. "तुझ्या संगणकाने आपले फोटो खाल्ले." मला टर्मिनल उघडून फोटो डाउनलोड्समध्ये हलवावा लागला. सुरक्षा अशी असते, तिला घरातल्यांची बोलणी बसतात.

फ्रीबीएसडीवाल्यांचं दुखणं वेगळं. सिनेमा-मालिकांच्या साइटना वाइडवाइन (नक्कल रोखणारं कुलूप) लागतं, ते तिथे मुळात मिळत नाही. मग लिनक्सचं सोंग घेणारा थर चढवून त्यात लिनक्सचा क्रोम चालवायचा. हौसेला मोल नाही.

खारेदाणे

"ब्राउझरला शपथ घ्यावी लागते." ही पद्धत आमच्या नगरपालिकेत आणता येईल का?

तात्या_टर्मिनल

नगरसेवक शपथ घेतातच, दाणे. मारणारी ऑपरेटिंग सिस्टीम नाही हा फरक आहे.

बर्लिनकरांनी युनिक्सचं नाव काढलं म्हणून थोडं दळण. आजच्या पोरांना वाटतं लिनक्सवर ब्राउझर म्हणजे विंडोजचं उष्टं. उलट आहे. पहिला ब्राउझर टिम बर्नर्स-लीने १९९० मध्ये सर्नमध्ये नेक्स्ट संगणकावर लिहिला, आणि नेक्स्टच्या पोटात युनिक्सच होतं. १९९३ चा मोझेक, इलिनॉय विद्यापीठातल्या अँड्रीसन आणि बिना या दोघांचा, तोही आधी युनिक्सच्या एक्स विंडोवर आला. विंडोज नि मॅकला नंतर मिळाला. माहेर आपलं आहे.

आणि आमचं माहेर लिंक्स, नुसता मजकूर दाखवणारा ब्राउझर. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने इंटरनेट आणलं, तेव्हा चित्रंबित्रं दिसणारं अकाउंट महाग. विद्यार्थ्यांना स्वस्तातलं शेल अकाउंट. मॉडेम किंचाळून जोडलं की समोर काळा पडदा, पलीकडे व्हीएसएनएलचं युनिक्स मशीन, आणि त्यावर लिंक्स. सगळं मजकुरात. चित्राच्या जागी चौकोनी कंसात 'इमेज' लिहून यायचं. दादरच्या दोन खोल्यांत रात्री अकरानंतर बसायचं, कारण दिवसा फोन अडकला की वडील ओरडायचे. काही हुशार मुलं त्याच शेल अकाउंटवर 'स्लर्प' नावाचा प्रोग्रॅम चालवून चित्रं दिसणारं इंटरनेट उकळायची. मी त्या हुशारांत होतो असं म्हणत नाही.

लिंक्स अजून जिवंत आहे. १९९२ पासून. कधी सर्व्हरवर अडकलो तर तोच उघडतो.

नर्मदातीर

तात्या, वा! आमच्या इंदूरला इंटरनेट जरा उशिरानं पोचलं, पण तो किंचाळणारा मॉडेम अगदी तोच.

माहेरचा विषय निघालाच आहे तर क्रोमचं गोत्रही सांगून टाकतो, मुळशीकरांना आनंद होईल. लिनक्सवरच्या केडीई डेस्कटॉपमध्ये कॉन्करर नावाचा ब्राउझर होता, त्याचं इंजिन केएचटीएमएल. ॲपलला सफारी काढायचा होता, त्यांनी हेच इंजिन उचललं. २००३ मध्ये जाहीर केलं, त्याचं वेबकिट झालं. वेबकिट गूगलने घेतलं, २००८ मध्ये क्रोम आला. २०१३ मध्ये गूगलने वेगळी चूल मांडून त्याला ब्लिंक नाव दिलं. आज एज, ब्रेव्ह, ऑपेरा, विवाल्डी सगळे त्या ब्लिंकवर. म्हणजे जगातले बहुतेक ब्राउझर एका फुकट वाटलेल्या लिनक्स प्रोग्रॅमची नातवंडं आहेत. आणि आजोबा कॉन्करर कुठे आहेत कुणाला ठाऊक नाही.

खूण अजून दिसते. क्रोम कुठल्याही साइटला आपली ओळख सांगतो ती वाचा कधी: मोझिला, मग ॲपलवेबकिट, मग "केएचटीएमएल, लाइक गेको", मग क्रोम, मग सफारी. लग्नपत्रिकेत निमंत्रकांत सगळ्या काका-मामांची नावं घालतात तसं. का, तर कुठल्या तरी साइटने नाव नाही म्हणून दार बंद करू नये.

मुळशीकर

आनंद झाला. म्हणजे क्रोम टाकला तरी आपण घरचाच टाकतोय.

बिनखिडकीवाला

घरचा होता. आता शेत एकाच्या नावावर झालंय. इंजिन एकच उरलं तर वेब कशी चालावी हे एकच कंपनी ठरवणार. मॅनिफेस्टचं प्रकरण त्याचंच उदाहरण. फायरफॉक्सचं गेको वेगळं आहे म्हणून तरी वापरा.

मुळशीकर

आणि त्या कोल्ह्याला खायला कोण घालतं? मोझिलाच्या कमाईचा मोठा हिस्सा गूगलकडून येतो, शोधपेटीत गूगल ठेवल्याबद्दल. २०२५ च्या फेब्रुवारीत वापराच्या अटी बदलल्या तेव्हा केवढा गदारोळ झाला, शेवटी शब्द मागे घेऊन नव्याने लिहावे लागले. तत्त्वाच्या गप्पा जपून.

बिनखिडकीवाला

मान्य. मोझिलाचे चाहते मोझिलावर जेवढे चिडतात तेवढं कोणी चिडत नसेल. २०१७ मध्ये क्वांटम ही नवी आवृत्ती आणताना माझी सगळी जुनी एक्स्टेन्शन एका रात्रीत मेली, तेव्हा मी आठवडाभर बोललो नव्हतो त्याच्याशी. पण जाणार कुठे? लेडीबर्ड आणि सर्वो ही दोन नवी इंजिनं शून्यातून लिहिली जातायत, आनंद आहे, पण आईच्या पेन्शनला आज उपयोग नाही.

एक_प्रवासी

मध्येच घुसतो. माझ्याकडे जुनं ३२ बिटचं नेटबुक आहे. त्यावर काय चालेल?

तात्या_टर्मिनल

क्रोमने ३२ बिट लिनक्स २०१६ मध्येच सोडलं. फायरफॉक्स १४४ पर्यंत होता, १४५ पासून नाही. १४० ची दीर्घ मुदतीची ईएसआर आवृत्ती तेवढी काही काळ चालेल. त्यानंतर डिलो किंवा नेटसर्फ हे हलके ब्राउझर. डिलो नऊ वर्षं झोपला होता, २०२४ मध्ये ३.१ घेऊन उठला. वाऱ्यासारखा उघडतो, पण जावास्क्रिप्ट अजिबात नाही, म्हणजे बँक विसरा. लेख वाचायला झकास.

काना_मात्रा

इतके प्रतिसाद वाचले, पण आई *मराठी* वाचणार आहेत हे कुणाच्याच लक्षात आलं नाही! माझं काम अक्षरांचं आहे, म्हणून लांबण लावते, माफ करा.

फायरफॉक्सच्या सेटिंगमध्ये फॉण्टच्या 'ॲडव्हान्स्ड'मध्ये गेलात की प्रत्येक लिपीसाठी वेगळी निवड करता येते. तिथे देवनागरी निवडा, हवा तो फॉण्ट द्या, आकार द्या, आणि किमान आकारही ठरवून टाका. इंग्रजीचं इंग्रजीपुरतं राहतं. क्रोमच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये अशी लिपीवार सोय नाही, एकच फॉण्ट सगळ्यांना. सत्तरीच्या डोळ्यांना याने केवढा फरक पडतो ते करून बघा. झूम केलं की पानाची मांडणी फुटते, किमान आकार वाढवला की बहुतेक वेळा अक्षरंच मोठी होतात.

दुसरी गोष्ट ल आणि श. मराठीतला ल आणि हिंदीतला ल वेगळे असतात, शेंडीफोड्या श आणि गाठीचा श वेगळे. नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉण्टमध्ये दोन्ही रूपं भरलेली असतात. कुठलं दाखवायचं हे पानाने आपली भाषा काय सांगितली त्यावर ठरतं. पानाने 'मराठी' अशी खूण केली असेल तर आपला ल, नसेल तर हिंदीचा. बऱ्याच मराठी साइटी स्वतःची भाषा इंग्रजी सांगून मोकळ्या होतात! दोष ब्राउझरचा नसतो, पण सोसतो वाचणारा. उपाय म्हणजे मराठी वळणाचा आवडेल तो फॉण्ट बसवायचा. मुंबईच्या एक टाइपचा मुक्त आहे, आयआयटी मुंबईतून आलेला शोभिका आहे, दोन्ही फुकट. फाईल घरच्या फॉण्ट फोल्डरात टाका, ब्राउझर बंद करून उघडा.

तात्या_टर्मिनल

काना_मात्रा, तुमच्या या प्रतिसादाला दंडवत. फायरफॉक्स २ च्या काळात लिनक्सवर मराठी पान उघडलं की वेलांट्या सुट्या होऊन अक्षरांच्या मागे फिरायच्या. अक्षरं जुळवणारं पॅन्गो चालू करायला टर्मिनलमध्ये एक ओळ लिहून मग ब्राउझर उघडावा लागे. 'कि' नीट दिसला त्या दिवशी मी चहा पाजला होता ऑफिसात.

शुद्धलेखक

काना_मात्रा यांच्याशी पूर्ण सहमत. मात्र 'फॉण्ट'ला 'टंक' म्हणता आले असते.

कंदीपेढा

सगळ्यांचे आभार, इतकं येईल असं वाटलं नव्हतं. या शनिवार-रविवारी साताऱ्याला जाऊन आलो. आतापर्यंतचा हिशोब:

तात्यांचं ऐकून एसएसडी घातली. मशीन सुरू व्हायला आधी चहा उकळून व्हायचा, आता गाळणं शोधेपर्यंत सुरू होतं. फायरफॉक्स ठेवला, यूब्लॉक ओरिजिन टाकलं, देवनागरीला मुक्त, किमान आकार २०. क्रोमियमपण टाकून ठेवलाय, मिंटचं स्वतःचं पॅकेज आहे ते, फक्त बँक रुसली तर. बँक रुसली नाही. ताईशी कॉलही नीट झाला.

अडलंय कीर्तनापाशी. यूट्यूबचा व्हिडिओ अडखळतो आणि पंखा विमान उडवल्यासारखा फिरतो. विंडोजवर इतकं होत नव्हतं. यावर काही?

मुळशीकर

म्हटलं नव्हतं? क्रोम. (पळतो.)

बिनखिडकीवाला

क्रोमवरही तेच होईल, पळू नका. यूट्यूब हल्ली व्हिडिओ व्हीपी-नाइन किंवा एव्ही-वन या रूपात पाठवतं. २०१३ च्या इंटेल चिपमधल्या ग्राफिक्सला ही रूपं स्वतः उलगडता येत नाहीत, त्याला एच-२६४ येतं. म्हणून सगळा बोजा प्रोसेसरवर पडतो. उपाय दोन पायऱ्यांचा.

एक, 'एच-२६४-इफाय' जातीचं एक्स्टेन्शन टाका. ते यूट्यूबला सांगतं की मला फक्त एच-२६४ येतं बाबा, तेच दे.

दोन, त्या पिढीच्या इंटेलला आय-९६५ नावाचा व्हीए-एपीआय (ग्राफिक्स चिपकडून व्हिडिओ उलगडून घेणारा) ड्रायव्हर लागतो, नवा इंटेल मीडिया ड्रायव्हर नाही. तो आहे का बघा. फायरफॉक्स ११५ पासून लिनक्सवर इंटेलसाठी हार्डवेअर डिकोडिंग आपोआप चालू असतं. पत्त्याच्या जागी अबाउट:सपोर्ट (इंग्रजीत) लिहा, त्या पानावर हार्डवेअर व्हिडिओ डिकोडिंगची ओळ शोधा.

आज्जीचा_बटवा

आणि ७२० पीवर ठेवा. कीर्तनकारबुवांच्या पगडीचे धागे मोजायचे नाहीत कुणाला.

एक_प्रवासी

एक इशारा माझ्याकडून. गोपनीयतेच्या नादात फायरफॉक्सचीच एक कडक केलेली आवृत्ती मी वडिलांना टाकून दिली. ती आपला ठावठिकाणा लपवायला साइटना वेळसुद्धा खोटी सांगते, जागतिक वेळ, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. वडिलांनी डॉक्टरांची ऑनलाइन भेट ठरवली, पडद्यावर दिसली सकाळी साडेपाचची. पहाटे चारला उठून आंघोळ करून कॅमेऱ्यासमोर बसले होते. डॉक्टर अकराला आले. आईंना असलं काही टाकू नका.

खारेदाणे

🤣 वडिलांना साष्टांग. पण उपाशीपोटी रक्त तपासायला तयार होते हे काय कमी?

कंदीपेढा

बिनखिडकीवाले, जमलं! आय-९६५ आधीच होता, एक्स्टेन्शन मात्र नव्हतं. फोनवरून पायऱ्या सांगून आईकडूनच टाकून घेतलं. पलीकडून कीर्तन ऐकू येतंय आणि पंखा ऐकू येत नाहीये.

तिला आयडीही काढून दिलाय. तिला काहीतरी लिहायचं आहे म्हणते.

पेढेवाली

सर्वांना नमस्कार. मी कंदीपेढाची आई. धागा पहिल्यापासून वाचते आहे. अक्षर आता छान मोठे दिसते आणि ल आपला दिसतो. काना_मात्रा, तुमचे विशेष आभार.

तात्या, मीही टॅब बंद करत नव्हते. ते बंद करायचे असतात हे मला कोणी सांगितलेच नव्हते. काल एकेक करून बंद केले, त्यात मार्चमधला ई-पेपर सापडला.

शुद्धलेखक, तुमच्या पहिल्या प्रतिसादात 'कुतुहल' असे लिहिले आहे. 'कुतूहल' हवे, तू दीर्घ. मोठ्या अक्षरात लगेच दिसले.

शुद्धलेखक

बाई, चूक मान्य. संपादकांना विनंती, माझा प्रतिसाद दुरुस्त करावा.

खारेदाणे

नका करू. दाणे आत्ता कुठे संपलेत.